चिठ्ठीवर कुणाचं नाव

ता. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? वहिनीने जिना चढायला मनाई केली आणि तू चक्क ऐकलंस, हे वाचून घरात कुणाचा विश्वास बसेना.

आता माझं रडगाणं. आमच्या खोलीत माझ्या हाताखाली पाच जणी ऑपरेशनच्या हत्यारांचे ट्रे भरतात, हे तुला ठाऊक आहे. जी भरेल तिने आपल्या नावाची चिठ्ठी आत टाकायची, असा नियम. पण थोडं काही झालं की थिएटरवाले नाव वाचून त्या पोरीला फोनवर नको नको ते बोलतात. म्हणून चार वर्षं मी ती चिठ्ठी फाडून माझ्या सहीची टाकते. बोलणी मी खाते.

पण महिन्याभरात तीन ट्रेमध्ये एकेक चिमटा कमी निघाला. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत नाव द्या, नाहीतर खुर्ची सोडा.

मला घुमीचा संशय येतोय. आम्ही तिला घुमीच म्हणतो, दिवसभर तोंडातून शब्द काढत नाही. मी आत आले की एक वही पटकन ओट्याखाली सरकवते. बाकीच्या एकमेकींकडे बघतात आणि गप्प होतात. फक्त जिला हसरी म्हणतो ती तेवढी सरळ आहे, माझ्यासाठी न सांगता चहा आणते. बाकी खोलीत काहीतरी शिजतंय, दादा.

वहिनीला नमस्कार. पत्राची वाट बघते.
तुझी धाकटी

ता. ४ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

वहिनीने माझी काठी लपवली आहे, म्हणून ऐकतोय. कौतुक करू नकोस.

गॅरेजात मीही पोरांना पाठीशी घालायचो. साहेबापुढे मी उभा राहायचो. पण कुठला ब्रेक कुणी जोडला हे मला माहीत असायचं, आणि साहेबाची पाठ वळली की ज्याची त्याची कानउघाडणी व्हायची. तू तर चिठ्ठीच फाडतेस. मग घुमीवर संशय कशावरून? बोलत नाही म्हणून? आणि चहा आणते ती सरळ, हे कुठलं माप? मला तुझाच राग येतोय.

आधी वही बघ. तोवर नाव देऊ नकोस.

मुलांना पापे. तब्येत सांभाळ.
तुझा दादा

ता. १२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. नाव मी शुक्रवारीच दिलं होतं. घुमीला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. तिची वही तिथेच राहिली.

सोमवारी ती उघडली. तारीख, ट्रेचा नंबर, भरणारीचं नाव, शेजारी दुसऱ्यांदा मोजल्याची तिचीच सही. सगळ्यांच्या सह्या होत्या, हसरीची सोडून. तिन्ही कमी ट्रे तिनेच भरलेले. विचारलं तर रडत म्हणाली, ताई, तुम्ही आहातच निस्तरायला, म्हणून मी दुसऱ्यांदा मोजणंच सोडलं. बाकीच्यांना माहीत होतं. पण ती माझी लाडकी, मी ऐकून घेणार नाही असं त्यांना वाटलं. मी ऐकून घेतलंही नसतं.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन घुमीचं नाव मागे घेतलं, माझं दिलं. खुर्चीचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. मग घुमीच्या घरी गेले. लाज वाटत होती, दारातच माफी मागितली. तिने आत बसवलं आणि चार वर्षांत बोलली नव्हती तेवढं एका दमात बोलली. तिचा एकही ट्रे कधी कमी निघाला नाही, पण तिची वही सोडली तर हे सांगणारा एक कागद कुठे नाही. ती परत येईल, पण चिठ्ठी तिच्याच नावाची राहील आणि फोन आला तर तीच घेईल. मी हो म्हटलं.

निघताना तिने विचारलं, आमची नावं काढून टाकायची हे ठरवताना तुम्ही आमच्यापैकी कुणाला विचारलं होतंत?

दादा, मी कुणालाच विचारलं नव्हतं.

रागव हवं तर, पण लिहीत राहा.
तुझी धाकटी