उभ्यानं ऐकलेली गाणी

आई,

"मोठं झालं," एवढंच ती म्हणाली होती. बंगल्याच्या स्वयंपाकघराच्या दारात, दोन्ही हातांत गरम पाण्याचा पेला धरून. तू चुलीपुढे बसली होतीस, हाताला पीठ होतं, आणि जिचा आवाज तू इतके पावसाळे ऐकत आली होतीस ती बाई तुझ्यापासून चार हातांवर उभी होती. ते दोन शब्द मला नंतर कित्येक वर्षं आठवले नव्हते. परवा ते माझ्याच तोंडून बाहेर पडले, म्हणून तुला लिहायला बसले आहे. पण आधीचं आधी सांगते. तुला क्रम चुकलेला आवडत नसे.

आबा बंगल्याचे माळी आणि तू बंगल्याच्या आतलं बघणारी. डॉक्टरसाहेब आणि डॉक्टरीणबाई मुंबईहून दिवाळीत यायचे, मे महिन्यात यायचे, आणि पावसाची चिन्हं दिसली की सामान बांधून परत जायचे. मग आबा व्हरांड्याला चहूबाजूंनी गवताची झापं बांधत. त्या दिवसापासून घरात दिवसाही अंधार. लोणावळ्याचा पाऊस ज्याने एका ठिकाणी राहून काढला आहे त्यालाच ठाऊक, की तो पडत नाही, तो राहायला येतो. भिंतींना ओल सुटते, चपलांवर बुरशी धरते, मीठ पाणी होतं. डॉक्टरीणबाईंना सगळ्यात काळजी असायची ती दिवाणखान्यातल्या फोनोची आणि त्यांच्या रेकॉर्डींची. जाताना त्या तुला दरवर्षी तेच बजावत. दर शनिवारी दिवाणखान्यात शेगडी पेटवायची, पण लांब, नाहीतर रेकॉर्ड वाकते. कोरड्या फडक्याने एकेक तबकडी गोल पुसायची. आणि यंत्राची स्प्रिंग गंजू नये म्हणून चावी देऊन प्रत्येक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी एकदा वाजवायची.

हे तुझं काम होतं, आणि तू ते कामासारखंच केलंस. म्हणजे उभ्यानं. दिवाणखान्यात गाद्यांच्या खुर्च्या होत्या, त्यांवर पांढऱ्या चादरी घातलेल्या असत. मी एकदा चादरीवर टेकले तर तू दंडाला धरून उठवलंस. "आपुन राखाया हाय, बसाया न्हाई," म्हणालीस. बघायला चिटपाखरू नव्हतं. तरी तू कपाटाजवळ उभी, हातात फडकं, मान जराशी कललेली. त्या चार महिन्यांत तुला दुसरीकडे कुठे जायलाही मिळत नसे. पंचमीला मामा टाकव्याहून तुला न्यायला यायचा, भिजलेली घोंगडी दारात झटकायचा, चहा प्यायचा आणि एकटाच परत जायचा. "बंगल्याला पाय फुटत्यात व्हय, तू गेलीस तर?" असं तो दरवर्षी म्हणायचा. तूही दरवर्षी हसायचीस आणि म्हणायचीस, पुढच्या साली. मामा वळणाआड जाईपर्यंत झापांच्या फटीतून बघत राहायचीस. मग शनिवार असला तर शेगडी पेटवायचीस.

पेटीत पुष्कळ गाणाऱ्यांच्या रेकॉर्डी होत्या, पण तू धरून बसलीस ती एकीलाच. तिचं नाव तुला सांगितलं होतं, तू ते कधी घेतलं नाहीस. तू तिला "आपली" म्हणायचीस. या खेपेला आपलीचं काय आलंय का, बग. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. लेबल वाचून दाखवणं माझं काम. तिच्या पहिल्या रेकॉर्डीवर तुझं मत फारसं बरं नव्हतं. "आवाज आजून वला हाय, वाळला की बगू," म्हणालीस, जसं दारातल्या सरपणाविषयी बोलावंस. पण नंतर पेटीतल्या बाकीच्या रेकॉर्डी तू लवकर उरकायचीस आणि तिची शेवटी ठेवायचीस.

दुसऱ्या वर्षी आला तो पाळणा. डॉक्टरीणबाई हाताला लागेल ती रेकॉर्ड आणत, नवी काय जुनी काय, आणि आपल्याकडे त्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने तिचं आयुष्य चाललंय असं आपण दोघी धरून चाललो होतो. गाणं कुणीतरी लिहितं, कुणीतरी चाल लावतं, हे आपल्याला कोण सांगणार? ती गाते म्हणजे ती आपलं सांगते. पाळणा वाजून संपला. तू पिन उचललीस आणि कितीतरी वेळ चावीवर हात ठेवून उभी राहिलीस. मग हळूच विचारलंस, "लगनाचं गानं कुटं हाय?" मी पेटी धुंडाळली. नव्हतं. तुझा चेहरा मला अजून दिसतो. "कुनाला बोलू नगंस," म्हणालीस. "तिचं नाव खराब व्हईल. तिची काय चूक आसंल गं, आपुन झाकायचं." आणि तू तो पाळणा पेटीच्या तळाशी, भजनांच्या रेकॉर्डींखाली सरकवून दिलास. आबांनासुद्धा सांगितलं नाहीस. मुंबईच्या कोणा गाणारणीची अब्रू तू लोणावळ्यातल्या एका बंद बंगल्यात वर्षभर झाकून ठेवलीस. तिला पत्ताही नव्हता.

पुढच्या वर्षी लग्नाचं गाणं आलं आणि तू सुटलीस. त्या शनिवारी आपल्या मागच्या खोलीत शिरा झाला. आबा म्हणाले, आज कोणता सण? तू म्हणालीस, "हाय एकीचं." त्याच्या पुढची रेकॉर्ड सिनेमातली, तीत व्हायोलिनं नि काय काय. ती तुला मुळीच आवडली नाही. "लय मानसं घुसल्यात. तिला उभं ऱ्हायाला बी जागा न्हाई." नंतर एक विरहाचं आलं. तेव्हा तू दोन दिवस नीट जेवली नाहीस. नवरा सोडून गेला आसंल, म्हणालीस, पाळण्याचं मनात धरून. कार्ल्याच्या एकवीरेला जाऊन ओटी भरावी असं तुझ्या मनात होतं. पण जायचं कसं? तू झापाची एक कड वर करून, धुक्यात जिकडे कार्ल्याचा डोंगर असायला हवा तिकडे तोंड करून हात जोडलेस. डोंगर दिसत नव्हता. पाऊस आत येत होता म्हणून तू कड लगेच खाली सोडलीस.

आणि मग त्या दिवाळीत ती खरंच आली. गावात तिचं गाणं ठरलं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी दुपारी तिला जेवायला बोलावलं. तू आठवडाभर आधी भीत भीत विचारून ठेवलं होतंस, मागं उभी ऱ्हाऊन ऐकू का. बाई म्हणाल्या, अगं ये की. सकाळपासून तू स्वयंपाकाला लागली होतीस. मी नारळ खोवत होते, आणि ती दारात आली. साधं सुती लुगडं, गळ्याला गुंडाळलेला मफलर. घसा बसलाय, गरम पाणी द्याल का, म्हणाली. तू पाणी दिलंस. एवढ्यावर ती गेली असती. पण तू मान वर केलीस आणि विचारलंस, "बाळ कसं हाय?"

मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही ते विचारायचंच होतं. ती पेल्यातल्या वाफेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मोठं झालं." आणि माझ्याकडे बघून, "तुमचं?" तू म्हणालीस, "ह्ये काय, हितंच हाय." ती हसली आणि पाणी घेऊन गेली. तू पुढची भाकरी थापायला घेतलीस, आणि ती भाकरी करपली. तुझ्या हातची करपलेली भाकरी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

संध्याकाळी सगळी मंडळी गाण्याला निघाली, आबा सामान आणायला स्टेशनावर गेलेले, आणि मग कुणाच्यातरी लक्षात आलं की घर उघडं कसं टाकायचं. कुणी तुला थांब म्हणालं नाही. तूच म्हणालीस, मी हाय की. मला मात्र डॉक्टरीणबाईंच्या मुलींबरोबर पाठवलंस. परत आले तेव्हा तू एकच विचारलंस, पाळणा म्हनली का? नाही म्हटल्यावर म्हणालीस, "बरं केलं."

ते "बरं केलं" मला पुढे पुण्याला अध्यापिका विद्यालयात शिकत असताना कळलं, किंवा कळलंसं वाटलं. वसतिगृहात एका मासिकात तिची मुलाखत होती. लग्न केलं नाही, आईजवळ राहते, असं तिनं सांगितलं होतं. मी पावसाळ्यात घरी आले तो शनिवार होता, तू तबकड्या पुसत होतीस. मी तुला सांगितलं, आणि मला वाटलं तू खचशील. तू पुसणं थांबवलं नाहीस. "मला तवाच कळलं व्हतं की," म्हणालीस. "तिच्या तोंडाकडं बगितलं आन् कळलं, हिला बाळ न्हाई. पर तिनं माजं मन राखलं. मग म्या बी तिचं राखलं." मी विचारलं, मग ती इतकी वर्षं गाते ते कुणाचं? तू फडकं झटकलंस. "दुसऱ्याचं. ह्ये घर तरी कुनाचं हाय? राखायचं नीट, आपलं आसल्यावानी." त्या दिवशी तू भजनांखालून पाळणा काढलास आणि वर ठेवलास.

तुझ्या शेवटच्या पावसाळ्यात तुला मागच्या खोलीतून अंगण ओलांडून येणं होईना. मी दिवाणखान्याची दारं उघडी टाकली, चावी घट्ट दिली आणि तिची नवी रेकॉर्ड लावली. पत्र्यावर असा पाऊस की मला फोनोशेजारी उभं राहूनही नीट ऐकू येईना. तुझ्याजवळ आले तर तू डोळे मिटून होतीस. "समदं आलं ऐकू," म्हणालीस. "आता वाळलाय आवाज." मी म्हणाले, हो, वाळलाय. राखायचं कसं ते तोवर मी शिकले होते.

तू गेल्यावर तिच्या आणखी रेकॉर्डी निघाल्या. काही मी रेडिओवर ऐकल्या, काही नावडल्या. तुझ्यासारखं चार शब्दांत सांगता येत नाही म्हणून कुणाला सांगितलं नाही. आता तिची मोठी तबकडी आली आहे, एका बाजूला पुष्कळ गाणी मावतात ती. तीत तिनं जुनीच गाणी या वयात पुन्हा गायली आहेत. पाळणाही आहे. जिथे ती पूर्वी आवाज वर नेत असे तिथे आता नेत नाही, खालीच ठेवते, आणि पुढचा शब्द जरा उशिरा घेते. वाद्यं थोडी आहेत. तिला उभं राहायला जागा आहे. तू काय म्हणाली असतीस याचा मी फार विचार केला. मला वाटतं, बाळ निजलंय की नाही हे बघायला ती आता वाकत नाही, असं काहीतरी म्हणाली असतीस.

मी तळेगावात असते, हे तुला माहीत आहे, तूच दिलंस इथं. घर चांगलं आहे. त्यांचा स्वभाव शांत आहे, कारखान्यातून आले की पेपर वाचतात. सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळल्या आहेत, आणि शाळा सुटली की मला त्यांच्या हाकेच्या बाहेर जाता येत नाही. कुणी कडी लावलेली नाही. तुलाही कुठे कुणी लावली होती? शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी मी धाकट्या दिरांच्या यंत्रावर ती तबकडी लावते. परवा पाळणा लागला तेव्हा आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "पाळणा कशाला लावतेस गं, हलवायला आहे का कुणी?" त्यांचं चुकीचं नाही. या घरात ती गोष्ट इतक्या वर्षांत इतक्या तऱ्हांनी बोलून झाली आहे की आता तिला धारही उरलेली नाही. मी आवाज कमी केला. बंद केला नाही.

त्याच आठवड्यात शेजारी हळदीकुंकू होतं. एक नवी बिऱ्हाडकरीण, वराळ्याकडची, माझ्या हाताला हळद लावता लावता सहज म्हणाली, "वैनी, तुमचं बाळ केवढं आहे?" मी तिच्याकडे बघितलं. कोवळी पोर, पोटुशी, मनात काही नाही. आणि मी म्हणाले, "मोठं झालं." ती खुश झाली. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. घरी येताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं, पण पायरीवर चपला काढताना माझ्या डोळ्यांसमोर तो पेला होता, त्यातली वाफ होती. तिनं त्या दिवशी तुझं मन राखलं, असं तू म्हणालीस. मला आता वाटतं, ते दोन शब्द बोलताना क्षणभर तिचंही राखलं गेलं असेल.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. बंगला विकला, तिथं आता मुंबईकरांसाठी हॉटेल आहे. तबकडीच्या कव्हरात घालून ठेवीन. पण एक मागायचं आहे. या घरात पुढच्या खोलीत एक वेताची खुर्ची आहे. ती मी आणलेली आहे, माझी आहे, तिच्यावर चादर घातलेली नाही. एखाद्या शनिवारी दुपारी ये. हातातलं फडकं माझ्याकडे दे, आणि ही एक बाजू संपेपर्यंत त्या खुर्चीत बसून ऐक. तू नको म्हणशील, मला ठाऊक आहे. राखाया आलेय, म्हणशील, आणि कपाटाशी जाऊन उभी राहशील. पण तुला सांगते, मीसुद्धा अजून उभ्यानंच ऐकते, हातात काहीतरी धरून, स्वतःच्या खुर्चीशेजारी. तू आधी बस, आई. म्हणजे मग मला बसता येईल.