हर्कसिंह, बनबसाचा पूल आणि आमचं गेट

प्रिय हर्कसिंह,

बघा, नाव लिहिलं आणि हात थांबला. एकवीस वर्षं ज्या माणसाला 'अरे बहादूर' अशी हाक मारली, त्याला आज पहिल्यांदा त्याच्या नावाने आणि 'तुम्ही' म्हणून लिहितेय. तेही तुम्ही गेल्यावर! लाज तर वाटतेच आहे. पण त्याहून जास्त धक्का बसलाय, आणि तेरा दिवस झाले तरी तो उतरत नाहीये.

आजच का लिहितेय, ते सांगते. दिल्लीहून आलेला तुमचा पुतण्या आज दुपारच्या गाडीने परत निघतोय, तुमच्या अस्थी आणि तुमची ती निळी पत्र्याची पेटी घेऊन. हे पत्र मी पेटीत ठेवणार आहे. गावी तुमच्या घरी वहिनींना मराठी येत नाही, ठाऊक आहे मला. पण अक्षरं तर तीच ना तुमची-आमची! वरचं नाव तरी त्यांना वाचता येईल.

त्या मंगळवारचं आधी बोलून टाकते, नाहीतर पुढचं सुचणार नाही. सकाळी अकराला मी मुर्धा गावाहून येणाऱ्या भाजीवालीकडून मेथी घेऊन येत होते. तुम्ही गेटजवळच्या लाल खुर्चीत, मान छातीवर, टोपी मांडीवर. आणि मी काय बोलले? "बहादूर! दिन में सोता है क्या? मीटिंग में कंप्लेंट करूँगी हां!" एवढं बोलून वर गेले आणि मेथी निवडायला बसले.

डॉक्टर म्हणाले, दहाच्या सुमाराला गेले असावेत. म्हणजे मी गेलेल्या माणसाला दम भरला, हर्कसिंह! झोपतो म्हणून! अहो, एकदा हलवून तरी बघायचं होतं मी. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला, त्याने हात लावला तेव्हा कळलं.

मग आपली नेहमीची रीत सुरू झाली. सोसायटीत कोणी गेलं की गेटवरचा फळा पुसायचा आणि 'दुःखद निधन' लिहायला केळसकर मॅडमना, म्हणजे मला, खाली बोलवायचं, कारण मॅडमचं अक्षर शाळेतलं. तुम्हीच तर यायचात ना खडू आणि ओलं फडकं घेऊन? मी लिहायचे, तुम्ही मागे उभं राहून मान वाकडी करून बघायचात आणि म्हणायचात, "लाइन थोडा ऊपर गया, मॅडम." त्या दिवशी फडकं मीच भिजवलं. 'दुःखद निधन' लिहिलं. खाली 'श्री.' लिहिलं. आणि पुढे?

पुढे काही येईचना! श्री. काय? खडू फळ्याला टेकलेला आणि डोकं म्हणजे कोरी पाटी. शेजारी सेक्रेटरी शहाभाई उभे होते. मी विचारलं, "बहादूरचं पूर्ण नाव काय हो?" ते म्हणाले, "बहादूर." आडनाव? "थापा असेल. सगळे थापाच असतात ने!"

फळा तसाच राहिला, अर्धा.

तुम्हाला आठवतं, निवृत्तीनंतर मला वाचनालयात व्याख्यान द्यायला बोलावलं होतं? 'शेजारी देश जवळ कसे येतात' असा विषय. एकतीस वर्षं इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं, तरी भीती वाटत होती, म्हणून मी तुमच्यासमोर तालीम केली. नकाशाचं पुस्तक तुमच्या खुर्चीच्या हातावर उघडून! मी सांगत होते, बघा, युरोपातले हे देश, कालपरवापर्यंत एकमेकांवर बॉम्ब टाकत होते. त्यांनी आधी कोळसा आणि पोलाद एकत्र सांभाळायचं ठरवलं. मग बाजार एक केला. मग सरहद्दीवरच्या चौक्या ओस पडल्या, पुढे बऱ्याच जणांनी नाणंही एक केलं. आणि आपण? आपले सात देश ढाक्यात जमले, संघटना केली, तिची कचेरी तुमच्या काठमांडूत थाटली, नंतर आठवा देशही आला. आणि आता वर्षानुवर्षं मोठी बैठकच होत नाही, कारण त्यातल्या दोघांचं पटत नाही.

तुम्ही सगळं नीट ऐकलंत आणि म्हणालात, "मैं तो काठमांडू कभी देखा नहीं, मॅडम. सीधा भाईंदर आया." आणि वर, "वो कचेरीवाले को बोलो ना, घर पाँच मिनट बात करो तो रिचार्ज खतम होता है. पडोसी देश है बोलते, फिर इतना काहे को?" किती हसलो होतो आपण!

आणि ते नेपाळच्या सरहद्दीजवळच्या बनबसाच्या पुलाचं. तुम्ही विशीत कसे आलात, खांद्यावर बोचकं, पूल चालत पार केला, पलीकडच्या शिपायाने फक्त विचारलं, 'बिडी है?' ना पासपोर्ट, ना व्हिसा. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतच झालेल्या भारत-नेपाळ कराराचा एवढा सुंदर पुरावा मला कुठल्या पुस्तकात सापडणार होता! शाळेत होते तोवर दरवर्षी नववीला सांगायचे. 'आमच्या सोसायटीतला बहादूर' म्हणून. मुलांना हे भारी आवडायचं. तो बिडीचा भाग तर मी शिपायाचा आवाज काढून सांगायचे. तुमच्या जिवावर एवढी वर्षं टाळ्या घेतल्या आणि एकदाही तुम्हाला विचारलं नाही, की बाबा, तुझं नाव काय. कमाल आहे ना माझी?

दुपारी हॉस्पिटलच्या कागदावर शहाभाई 'बहादूर थापा' लिहून द्यायला निघाले होते. मी अडवलं. म्हटलं, थांबा, त्यांच्या घरी आधी कळवू, नाव तेच सांगतील. तुमच्या त्या बटणांच्या फोनमध्ये 'घर' असा नंबर होता. लावला.

बाईंनी उचलला. मी म्हटलं, "हम भाईंदर से बोल रहे हैं. आपका बहादूर... वो नहीं रहा."

 पलीकडून आवाज आला, "यहाँ बहादुर कोई नहीं है. गलत नंबर." आणि काय सांगू हर्कसिंह, त्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. कुणीतरी दुसरंच गेलं, आपलं माणूस नाही! फोन ठेवून दिला त्यांनी.

 मी तशीच तुमच्या केबिनमध्ये गेले. एखादी चिठ्ठी, एखादं कार्ड, काहीतरी सापडेल म्हणून. पेटीला कुलूप. खिळ्याला शर्ट. स्टुलावर आपलं येणाऱ्या-जाणाऱ्यांचं रजिस्टर. आत कुणाचा नंबर मिळतोय का बघावं म्हणून उघडलं.

पानाच्या डोक्यावर तारीख, वार, आणि पुढे 'ड्युटी: हर्कसिंह साउद'.

पान उलटलं. हर्कसिंह साउद. अजून उलटलं. हर्कसिंह साउद. कपाटातली जुनी रजिस्टरं काढली, सगळ्यांत तेच. रोज! गोल, सुबक अक्षर, शिरोरेघ सरळ. आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या पानावर, तुमच्या नावाच्या बरोबर खाली, कमिटी मेंबर म्हणून सही कुणाची? माझी! सहा वर्षं मी त्या नावाखाली सही करत होते. पोरांच्या वहीतली एक वेलांटी न सोडणारी मी! तुम्ही पान उघडून पुढे करायचात, मी उभ्याउभ्या सही ठोकायचे आणि म्हणायचे, "चलो बहादूर, हो गया." तुमच्या तोंडावर! त्या नावावर बोट ठेवूनच तुम्ही रजिस्टर धरायचात की हो.

मी केबिनमध्ये खालीच बसले. 

तुम्ही तरी का नाही बोललात? रागच येतो तुमचा. "लाइन ऊपर गया" म्हणायला जीभ उचलायची, मग "मॅडम, मेरा नाम ये नहीं है" म्हणायला काय झालं होतं? हे मी तुमच्या पुतण्यालाही विचारलं. तो खांदे उडवून म्हणाला, "आंटी, मेरे को भी होटल में बहादुर ही बोलते हैं." त्याचं नाव दीपक आहे. तुमच्या पुतण्याचं नाव मी तुम्हालाच सांगतेय, बघा.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी पुन्हा फोन लावला. विचारलं, "ये हर्कसिंह साउद का घर है?"

"हो, हो!" बाई म्हणाल्या. हसऱ्या आवाजात. त्यांना वाटलं असेल, नवऱ्याच्या ओळखीचं कुणीतरी चौकशी करतंय. मला तिथेच फोन ठेवून पळून जावंसं वाटलं. मी म्हटलं, "दीदी, मैंने ही अभी फोन किया था. हम उनको बहादूर बोलते थे."

मग जे ऐकलं, ते मी लिहीत नाही. एकाच बाईला एका तासात मी दोनदा तीच बातमी दिली, कारण पहिल्यांदा मला तिच्या नवऱ्याचं नाव ठाऊक नव्हतं. याची माफी कशी मागतात हो?

कागदावर तुमचं खरं नाव गेलं. शहाभाईंनीच ते स्वतःच्या हाताने लिहिलं. संध्याकाळी मी फळा पुरा केला. 'श्री. हर्कसिंह साउद, जिल्हा अछाम, नेपाळ.' रेघ वर जाऊ नये म्हणून पट्टी लावून लिहिलं. आणि मग माहीत आहे काय झालं? लोक येता-जाता वाचत होते आणि मला विचारत होते, "हे कोण हो मॅडम? कुठल्या फ्लॅटमधले? बी विंगचे का?" चौघांनी विचारलं. चौघांनाही तुम्ही रोज गेट उघडून देत होतात.

चार दिवसांपूर्वी नवा माणूस आलाय. काल बाल्कनीतून कुणीतरी हाक मारली, "ए बहादूर!" आणि तो "जी साब" करत धावला. मी होते तशी खाली उतरले, गाऊनवर ओढणी टाकून, आणि त्याचं नाव विचारलं. तो आधी घाबरला, काय चुकलं म्हणून. मग म्हणाला, भीम रावल. त्याला म्हटलं, खडू आण. आता फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहिलंय, 'आज गेटवर: श्री. भीम रावल'. रोज सकाळी मी ते नव्याने लिहिणार आहे. गुडघे दुखोत नाहीतर काही होवो, रोज लिहीन.

आणि अजून एक शब्द देते. दिवाळी झाली की मी वहिनींना भेटायला येतेय. दीपक बनबसाला घ्यायला येतो म्हणालाय, पण पूल मी तुमच्यासारखा चालतच ओलांडणार. एवढी वर्षं शिकवला तो पूल, एकदा पायांनी बघू दे. पलीकडे कुणी विचारलं, कोणाकडे निघालात बाई, तर पूर्ण नाव सांगेन, आडनावासकट.

तुमची,
सुनंदा केळसकर
फ्लॅट २०४
(तुमच्या रजिस्टरात माझं पार्सल आल्याच्या प्रत्येक नोंदीत हे नाव पूर्ण लिहिलेलं आहे.)