नवे विंडोज आले की फोटो पाठवतो

७ सप्टेंबर २०२५, रविवार. सकाळी ९.

कॉम्प्युटरवर निळी पाटी आली. इंग्रजी. शब्दकोश घेऊन तासभर बसलो. अर्थ असा की विंडोज दहाची मुदत चौदा ऑक्टोबरला संपते, पुढे अकरा घ्या. चौदा ऑक्टोबर म्हणजे आपली तारीख. छप्पन साली त्याच दिवशी वडील नागपूरला दीक्षा घेऊन आले आणि घरातले जुने सगळे एका दिवसात सोडले. मीही त्याच तारखेला दहा सोडून अकरावर जाणार. अजून सदतीस दिवस आहेत. घाई नाही.

कॉम्प्युटर मला नवा नाही. पाटबंधारे ऑफिसात एकवीस वर्षे शिपाई होतो. साहेबांच्या कॉम्प्युटरवर संध्याकाळी कापड टाकणे आणि सकाळी काढणे माझ्याकडेच होते. सातवी शिकलेल्या माणसावर एवढा विश्वास.

दुपारी अकोल्याहून धम्मदीपचा फोन. म्हणाला, बाबा, आईचा फोटो पाठवा ना. तेवीस नोव्हेंबरले वर्ष होते, फ्रेमवाला पंधरा दिवस घेते. मी म्हणालो, नवे विंडोज आले की पाठवतो. तो म्हणाला, फोटो पाठवायले विंडोज कायले पायजे? मुलगा बँकेत आहे, पण तांत्रिक बाजू कच्ची.

८ सप्टेंबर.

चहा दोन कप झाला. माप अजून बसलेले नाही. दुसरा अकरा वाजता प्यायलो.

१४ सप्टेंबर, रविवार.

वय झाले, म्हणून सुरक्षेबद्दल लिहून ठेवतो. दुर्गाचे, म्हणजे धम्मदीपच्या आईचे, फोटो मी रिसायकल बिनमध्ये ठेवले आहेत. कोणालाही सांगितलेले नाही.

कारण आहे. ब्याण्णव साली आमच्या गल्लीत एकाच दुपारी चार घरे फुटली. आमच्याकडे चोराने पेटी उचकली, गादी फाडली, तांदळात हात घातला. दुर्गाची पोत आणि डोरले भांडी घासायच्या राखेच्या डब्यात होते. चोराने तो डबा पायाने बाजूला केला. तेव्हापासून मी ओळखून आहे की किमती वस्तू कुठे ठेवावी. कॉम्प्युटरवर कचऱ्याच्या डब्याचे चित्र पाहिले तेव्हाच ठरवले.

शिवाय त्यात ठेवलेला फोटो दोनदा दाबूनही उघडत नाही. नुसते नाव आणि तारीख दाखवतो. म्हणजे मी स्वतः मालक असून मलाही उघडता येत नाही. एवढा बंदोबस्त धम्मदीपच्या बँकेतही नसेल.

एकूण एकेचाळीस फोटो. मागच्या अशोक विजयादशमीला काढलेले. ती कधी फोटो काढू देत नसे. त्या दिवशी पांढरे पातळ नेसून अंगणात खुर्चीवर बसली आणि म्हणाली, काढा म्हटलं तं काढा लवकर, भाजी लागून राह्यली खाली. मोबाईल भरला म्हणून फोटो कॉम्प्युटरमध्ये घेतले आणि मोबाईलमधून पुसले. पुढच्या महिन्यात ताप आला. चार दिवस.

संकल्प: रोज दहा इंग्रजी शब्द.

१५ सप्टेंबर.

शब्द पाठ केले: दोन. रिक्वायरमेंट, इन्सफिशियंट.

२१ सप्टेंबर.

कॉम्प्युटरची तपासणी लावली. त्याने स्वतःबद्दलच लिहिले की हा पीसी सध्या अटी पूर्ण करत नाही. नोकरीला लागताना मलाही पहिल्या मेडिकलमध्ये असेच लिहून दिले होते. वजन कमी. दुसऱ्या वेळी पास झालो. यंत्राला घाबरायचे नसते. उद्या पुन्हा तपासू.

२२ सप्टेंबर.

तेच.

२ ऑक्टोबर. दसरा.

चौकात पुतळ्याजवळ वंदनेला गेलो. पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली. एक बाही जळली, पण आत दुमडता येते. गर्दी होती. कोणी कोणी विचारले, एकटेच? हो म्हणालो. घरी येऊन कॉम्प्युटर पुसला. भाजी केली नाही, फुटाणे होते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

आंघोळ करून सकाळी आठला बसलो. तपासणीचे म्हणणे तेच होते, तरी अकरा उतरवून घ्यायचे बटण दाबले. पस्तीस टक्के झाले आणि लाईट गेली. आल्यावर पुन्हा शून्यापासून. बेचाळीसला पाटी आली: जागा अपुरी. इन्सफिशियंट. हा शब्द मला येत होता, हे विशेष.

जुने विंडोज आजपासून बंद पडेल अशी भीती होती. दिवसभर समोर बसून राहिलो. काही झाले नाही. कालसारखेच चालले. तारखेचा मान यंत्राला काय कळणार.

१५ ऑक्टोबर.

राजापेठेत किशोरचे कॉम्प्युटरचे दुकान आहे. हे यंत्र त्याच्याकडूनच घेतलेले. फोन केला. म्हणाला, काका, एक सेटिंग चालू केली का तपासणीत पास होते. पण जागा नाही न तुमच्यात. सगळं पुसून नव्यानं टाका लागते. आणून टाका डब्बा.

आणतो म्हणालो. दिवाळी झाली की.

१९ ऑक्टोबर, रविवार.

धम्मदीपचा फोन. आवाज चढलेला. म्हणाला, बाबा, तुमी पाठवता का मी येऊन घेऊन जाऊ? मी म्हणालो, येऊ नको, काम अर्ध्यावर आहे, कोणी हात लावला तर बिघडेल. मग सूनबाईने फोन घेतला. पौर्णिमा समजूतदार आहे. म्हणाली, मामंजी, वर्ष झालं का इकडेच राहाले या. एकटे काय करून राहिले तिथं? मी म्हणालो, कॉम्प्युटर सोडून कसा येऊ? ती म्हणाली, कॉम्प्युटर घेऊनच या. रेंज गेली असे म्हणालो.

फोटो पाठवला की फ्रेम होणार, फ्रेमला हार घालणार. ते काय, होईलच. पण आधी विंडोज. प्रत्येक कामाला क्रम असतो.

२८ ऑक्टोबर.

सीपीयू चादरीत गुंडाळून ऑटोने राजापेठेत नेला. मांडीवर धरला. ऑटोवाला म्हणाला, आजोबा, पेशंट हाय का? मी चादर नीट केली.

किशोरने विचारले, काका, महत्त्वाचं कायकाय हाये याच्यात? मी म्हणालो, सगळे सुरक्षित जागी आहे. तो म्हणाला, कोन्या जागी? दुकानात तीन अनोळखी गिऱ्हाइके उभी होती. अशा वेळी कोणी जागा सांगतो काय? मी म्हणालो, तुम्ही बिनधास्त करा. त्याने पुन्हा विचारले, पक्कं? मी डोळ्याने इशारा केला की तुम्हाला कळले असेलच. त्यानेही मान हलवली. हुशार माणूस आहे. म्हणाला, बरं, डेस्कटॉप, डॉक्युमेंट, पिक्चर, तिन्ही काढून ठेवतो मी.

चालत परत आलो. टेबलावर सीपीयूच्या जागी धुळीचा चौकोन होता. तो पुसला नाही.

३१ ऑक्टोबर.

झाले. विंडोज अकरा. पडद्यावर निळे फूल. स्टार्टचे बटण मधोमध नेले आहे, ते चूक आहे, पण बाकी सुंदर. माझा टेलिफोन नंबरांचा कागद आला, पेन्शनचा अर्ज आला. वर डाव्या कोपऱ्यात बिनही जागच्या जागी आहे. समाधान वाटले.

चोपन्न दिवसांत एकट्याने केले. या वयात गल्लीत कोणी केलेले नाही.

दुर्गा असती तर म्हणाली असती, त्या डब्ब्यासमोर बसून तुमचं काय उगवते?

२ नोव्हेंबर, रविवार.

धम्मदीपला सांगितले, आज पाठवतो. तो म्हणाला, खरंच? बरे वाटले त्याला.

दुपारी बिन उघडले. पाटी आली, हा फोल्डर रिकामा आहे.

नव्या सिस्टीमला सामान लावायला वेळ लागत असेल. घर बदलल्यावर आपल्यालाही लागतो. संध्याकाळी धम्मदीपला कळवले, नेट हळू आहे.

३ नोव्हेंबर.

रिकामा.

४ नोव्हेंबर.

चार वेळा बंद करून चालू केला. रिकामा. त्यात मुद्दाम पेन्शनचा अर्ज टाकून पाहिला. तो दिसतो. म्हणजे डबा चांगला आहे.

६ नोव्हेंबर.

किशोरकडे गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसलो आणि मग हळू आवाजात जागा सांगितली. त्याला आधी समजले नाही. मग मोठ्याने म्हणाला, कचऱ्याच्या डब्ब्यात? काका, कचऱ्याच्या डब्ब्यात कोनी बायकोचे फोटो ठेवते काय? दोनदा विचारलं न मी तुमाले! शेजारच्या झेरॉक्सवाल्याने मान बाहेर काढली.

मी राखेच्या डब्याची गोष्ट सांगितली. ब्याण्णव साल, चार घरे, सगळे. किशोर ऐकत राहिला. मग खुर्चीवर बसला. म्हणाला, तुमी माह्या वडिलाच्या जागी हाये म्हणून काही बोलत नाही. तो डब्बा मीच रिकामा केला काका. कोनीबी पहिले तोच करते.

मी विचारले, मग त्यातले जाते कुठे? तो म्हणाला, कुठंच जात नाही. नुसतं राहात नाही.

सीपीयू पुन्हा त्याच्याकडे. प्रयत्न करतो म्हणाला.

८ नोव्हेंबर.

कॉम्प्युटर नाही. खिचडी. झोपलो, उठलो.

११ नोव्हेंबर.

किशोरने बोलावले. म्हणाला, तुकडे सापडले. पैसे नको म्हणाला.

सतरा फोटो. प्रत्येकाची वरची एक पट्टी आहे, खाली राखाडी रंग. पट्टीत अंगणातला पत्रा, तार, तारेवर माझी बनियन. एकात तिचा भांग आणि कपाळ, भुवईपर्यंत. त्याखाली राखाडी. किशोर म्हणाला, एवढंच झालं काका. मी म्हणालो, बनियन स्पष्ट आली आहे. तो दुसरीकडे पाहू लागला.

१२ नोव्हेंबर.

धम्मदीपला कळवले. असे सांगितले की नव्या विंडोजला जुने फोटो चालत नाहीत, मान्यता नाही. तो म्हणाला, बाबा, किती होते? एकेचाळीस म्हणालो. म्हणाला, सप्टेंबरात एक पाठवला असता. रागावला नाही. रागावला असता तर मला उत्तर सुचले असते.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

धम्मदीपच्या लग्नाचा अल्बम काढला. पानोपानी पाहिला. दुर्गा नऊ फोटोंत आहे. सहांत पाठमोरी, कोणाला तरी वाढते आहे. दोनांत पदराआड. एकात हात, त्यात ताट.

शेवटी तिचे आधार कार्ड सापडले. पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने अकोल्याला पाठवले आणि तसे कळवले. पौर्णिमाचा फोन आला, म्हणाली, मामंजी, मोबाईलनं फोटो काढून पाठवला असता तरी झालं असतं. मी म्हणालो, मूळ कागद बरा.

२३ नोव्हेंबर, रविवार. अकोला. संध्याकाळी ५.

कार्यक्रम झाला. भन्तेजी वेळेवर आले. वंदना झाली, खीर झाली. माणसे साठेक असतील. धम्मदीपने सगळे नीट केले.

आधारचा फोटो मोठा करून, फ्रेमवाल्याला घाई लावून फ्रेम केली होती. मोठा केल्यावर ठिपके ठिपके दिसतात. चेहरा रुंद, ओठ मिटलेले, डोळे समोर. दुर्गाची थोरली बहीण पार्बताबाई दर्यापूरहून आली होती. फोटोसमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, हे कोन होय? आमची दुर्गी अशी नोती. कोनाचा फोटो आनला जावई तुमी? बायकांनी तिला खाली बसवले. फुले वाहताना प्रत्येकजण आधी फोटोकडे पाही, मग माझ्याकडे.

मीही फूल वाहिले. मेणबत्ती दोनदा विझली.

माणसे पांगल्यावर धम्मदीप माझ्याजवळ सतरंजीवर येऊन बसला. म्हणाला, बाबा, ते एकेचाळीस फोटो तुमी पाहिले असतील न. कशी दिसत होती आई?

ते उघडत नव्हते, हे त्याला सांगितले नाही. मोबाईलमधून घेताना मोजले होते फक्त, मोजणी बरोबर आली म्हणून पुसले. मी म्हणालो, हसत होती.

तो म्हणाला, हसत होती? मी म्हणालो, हो. चांगली हसत होती. त्याने मान हलवली आणि सतरंजीवरच्या पाकळ्या वेचत राहिला.

हसत होती की नाही, मला माहीत नाही. फोटो काढताना मी मोबाईलकडे पाहत होतो.