हॉटेलवाल्या काकूंचं 'ने'

गुरुवार, ७ ऑक्टोबर २००४. अल्फारेटा.

आई-बाबा ग्रीसमधल्या एका जुन्या गावात, घरगुती हॉटेलात उतरलेत. काल किल्ल्याच्या पायऱ्या चढताना बाबांच्या छातीत दुखलं. आज सकाळी फोन केला, तर दोघं वर झोपलेले. हॉटेलवाल्या काकूंना इंग्लिश जेमतेम, म्हणून मी एका दमात विचारलं, "स्टिल पेन? फादर ओके?"

"ने, ने," काकू म्हणाल्या. मला 'नाही, नाही' ऐकू आलं. म्हणजे आता दुखत नाही, असं धरून निवांत ऑफिसला गेले. मूर्ख कुठली!

दुपारी माझा ग्रीक कलीग फोनवर बायकोला सारखं "ने, ने" म्हणत होता. विचारलं तर हसला. "'ने' मीन्स यस."

आता तिथे फोन कुणी उचलत नाहीये. बाबा बरे असतील. असतील ना? पण मी दोन प्रश्न विचारले होते, आणि काकू दोनदा 'ने' म्हणाल्या.