काटा लाल झाला तेव्हा

मी, या कागदाखाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, धंदा गाडीदुरुस्ती, पूर्ण भानावर असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचे काय करावे ते लिहून ठेवत आहे. अक्षर हलले आहे ते आजाराने, मनाने नव्हे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी खरे लिहिले नव्हते.

१. राहते घर मुलीला द्यावे. आई गेल्यावर ते तिनेच उभे ठेवले, आणि मलाही. बँकेतली ठेव मुलगा आणि मुलगी दोघांना सारखी.

२. गॅरेजची जागा भाड्याची आहे, ती सोडून द्यावी. पाने, जॅक आणि इंजिन उचलायची चेन माझ्या जुन्या कारागिराला. तो काम झाल्यावर पाना पुसून जागेवर ठेवतो. मला माणसाची एवढीच पारख येते.

३. अ‍ॅल्युमिनियमची शिडी साडूंना. वीस वर्षे मागत होते आणि मी काहीतरी सबब सांगत होतो. पत्नी गेली तेव्हा ते चारचौघांत म्हणाले, "दिव्याखाली अंधार." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणे टाकले. त्यांचे चुकले नव्हते.

४. लहान एसयूव्ही, वय एकोणीस वर्षे, मुलाला.

गाडीची खोड आधी सांगतो. या मॉडेलमध्ये थर्मोस्टॅटचे हाऊसिंग प्लास्टिकचे असते. इंजिन थंड ठेवणारे कूलंट त्यातून फिरते. आठ-दहा वर्षांत ते प्लास्टिक तडकते. आधी एखादा थेंब, मग धार. धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. मलाही होते.

अकरा वर्षांपूर्वी गाडीखाली थेंब दिसले. मी नवे हाऊसिंग मागवले, ते आलेही; पण एका गिऱ्हाइकाला घाई होती, म्हणून त्याच्या गाडीला बसवले. आमच्या गाडीचा तडा सीलंटने लिंपला. पत्नी म्हणाली, "लोकांच्या गाड्या बऱ्या होतात, आपलीच तेवढी आजारी." मी म्हटले, "उद्या बघतो." तो उद्या तीन आठवडे चालला.

मग एका सकाळी तिच्या छातीत कळ आली. मी गॅरेजमध्ये दुसऱ्याच्या गाडीखाली होतो. फोन वाजला तो ऐकला नाही. मुलाने तिला गाडीत घातले आणि निघाला. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, माझ्याच हाताखाली काम शिकत होता. दवाखाना तीन किलोमीटरवर राहिला असताना तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली, आणि तो थांबला. दुसरे वाहन मिळेपर्यंत बावीस मिनिटे गेली. दवाखान्याच्या दारातच तिने प्राण सोडला.

त्या दिवशी सगळ्यांसमोर मी त्याला म्हणालो, "इंजिन वाचवलंस, आईला नाही वाचवता आलं?"

तो म्हणाला, "बाबा, काटा लाल झाला की जागच्या जागी थांबायचं, असं तुम्हीच शिकवलंत ना?"

तापलेले इंजिन तीन किलोमीटर रेटता आले असते. फार तर जाम झाले असते, जाऊ द्यायचे होते. पण इंजिन कधी मरू द्यायचे, हे मी त्याला शिकवले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मी एकट्याने बॉनेट उघडले. माझे सीलंट निघून लोंबत होते. ते हाऊसिंग फडक्यात गुंडाळून मी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवले आणि कोणाला काही बोललो नाही. मुलाने पाना खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. आता तो पुस्तकबांधणी करतो. अकरा वर्षांत तो स्टिअरिंगमागे बसलेला नाही.

त्यानंतर मी या गाडीचे काही बाकी ठेवले नाही. हाऊसिंग धातूचे बसवले, रेडिएटर, कॉइल, सस्पेन्शनचे बुश, टायमिंग चेन, सगळे वेळेआधी बदलले. ती आता कुठेही बंद पडणार नाही. त्याने ती चालवावी, विकावी किंवा भंगारात घालावी. कोणी त्याला आग्रह करू नये. खणातले हाऊसिंग मात्र त्याच्या हातात द्यावे. ते पाहिल्यावर त्याला कळेल. तो चांगला कारागीर होता.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. कलम चार मोठ्याने वाचू नये. कागद भावाला द्यावा आणि तो वाचून होईपर्यंत शेजारी बसावे.

हे लिहून मी साक्षीदारांना वाचून दाखवले. शेजारच्या नर्सबाई म्हणाल्या, "काका, तो तर हाकेच्या अंतरावर राहतो. आत्ताच सांगा की." त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. तो म्हणाला, "बोला, बाबा."

मी त्याला रक्तदाबाच्या गोळ्या संपल्याचे सांगितले. तो म्हणाला, "संध्याकाळी आणतो."

वरील मजकूर माझ्या हातचा असून खरा आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५, सकाळी अकरा

(सही) गाडीदुरुस्तीवाला

आमच्यादेखत सही केली, वाचताना दोनदा थांबले, पण एकही शब्द बदलला नाही:
(सही) शेजारच्या निवृत्त नर्स
(सही) समोरचा टायरवाला