थोरल्याला घरी आणण्याचा प्लॅन

२ मे २००९
आज आई-आबा आमच्या इलिमला गावी घेऊन गेले. पहिलं मूल आजी-आजोबांचं, ही आमच्याकडे रीतच आहे. शिवाय मी एकुलता एक, त्यांचं घर सुनं. बायकोला, बुरुलला समजावलं, की देणं म्हणजे काही कायमचं नसतं. दोन वर्षं, फार तर अडीच. इथून, नारीन शहरापासून, गाव दीड तासावर. दर रविवारी भेटीचं टाइमटेबल करून भिंतीला लावलं.

२१ जून
सात रविवारांत एकदा गेलो. गाडीचा क्लच. टाइमटेबल महिन्याचं केलं.

९ नोव्हेंबर २०१०
मुलगी झाली. मीरीम. आता दोघं एकत्र वाढतील. इलिमला एप्रिलमध्ये आणायचं, फायनल. त्याच्यासाठी पलंग स्वतः करायला घेतला. आईला फोन केला. ती म्हणाली, आधी बाळंतीण नीट उठू दे. बरोबरच आहे.

१७ एप्रिल २०११
गावी गेलो. इलिम मला दादा म्हणाला आणि बुरुलला वहिनी. सगळे हसले, मीही हसलो. बुरुल उठून अंगणात गेली आणि बराच वेळ गाईपाशी उभी राहिली. लहान आहे तो, गोंधळतो. घरी आला की आठ दिवसांत सुधारेल. आबांना सर्दी होती, म्हणून विषय काढला नाही.

३० ऑगस्ट २०१३
मुलगा. बोलोत. पलंगावर सध्या मीरीम झोपते. टेम्पररी.

१ सप्टेंबर २०१४
इलिमला माझ्याच शाळेत घालणार होतो. शेवटी मास्तराचा मुलगा. पण आबांनी गावात आधीच नाव घातलंय. वडील म्हणून स्वतःचं. मी विचारलं, तर म्हणाले, फॉर्मवर काहीही असो, रक्त तुझंच ना? हो. फॉर्मच तर आहे. पुढल्या वर्षी दाखला काढू.

१२ फेब्रुवारी २०१८
जुळ्या मुली. दोघी ठणठणीत. पलंग दुमजली करावा लागेल, म्हणजे इलिमचीही सोय होईल. बुरुल म्हणाली, "प्रत्येक बाळंतपणात तू त्याला आणायचं ठरवतोस. आणि बाळंतपणाचंच कारण सांगून आणत नाहीस." थकलीय. मनाला लावून घेतलं नाही.

१४ फेब्रुवारी २०२२
आबा गेले.

१६ फेब्रुवारी
दफनापर्यंत आबांना रीतीप्रमाणे तंबूत ठेवलं होतं. मुलग्यांनी कंबरेला पट्टा बांधून, काठीवर रेलून बाहेर उभं राहायचं आणि बापाच्या नावानं हंबरडा फोडायचा. मी गेलो तर इलिम आधीच तिथे उभा. पट्टा, काठी, सगळं. त्याला हळूच म्हटलं, नातवंडं तिकडे. तो हलला नाही. येणारे आधी त्याला मिठी मारत होते, मग मला. एक म्हातारा म्हणाला, दोन मुलगे मागे ठेवून गेला, भाग्यवान.

फार रडलो. आबांसाठी किती आणि कशासाठी किती, ते सांगता येत नाही.

२६ मार्च
आबांच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आटोपलं. आता आड यायला कुणी नाही. आईलाही आपल्याकडेच नेऊ. भाषण चार दिवस तयार करत होतो. इलिमला मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं: तुझा पलंग, शाळा, भावंडं वाट बघतायत. बाप हा शब्द मात्र तोंडातून निघेना.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. चौदा वर्षांचा, आवाज फुटलेला. म्हणाला, "दादा, तुझ्याकडे चौघं आहेत. आईला मी एकटाच. ती हे घर सोडणार नाही." मग म्हणाला, "आबा सांगायचे, दादाला घरच्या पोरांचंच ओझं खूप आहे. त्याच्याकडे कधी काही मागू नकोस."

फाटकापर्यंत सोडायला आला. गाडीत बुरुलनं विचारलं, काय म्हणाला? म्हटलं, उन्हाळ्यात येतो म्हणाला.

ती म्हणाली, "मी दारामागेच उभी होते."