लेओकादिया जड नव्हती

मी आन्सेल्मो किरोगा लारा, वय वर्षे एकाहत्तर, राहणार ओरिसाबा, धंदा जादूगार, तंबूत ‘प्रोफेसर आल्तामिर’ म्हणून ओळखला जाणारा, असे लिहून ठेवतो की माझी शुद्ध शाबूत आहे, कोणाचा दाब नाही, आणि हे मी राजीखुशीने लिहितो. राजी आहे खरा. खुशीचं म्हणाल तर कलम तीन लिहायची मला लाज वाटते.

१. माझा काळा कोट पुतण्या बाल्दोमेरो यास. मी तापाने पडलेलो असताना याने तो आरशापुढे घालून पाहिला. त्याला पोटावर बसत नाही, म्हणून मुद्दाम त्यालाच.

२. कडी, आरसे, पेटारे जादूगार मंडळास. मात्र बाई अधांतरी तरंगवण्याचा सांगाडा, कप्पी आणि तारांसकट, भंगारात घालावा. त्याचं गुपित मी पुढे फोडतो आहे. मंडळाने माझं नाव खोडलं तरी तक्रार नाही.

३. राहते घर, अंगणातल्या पेरूसह, माझी पत्नी लेओकादिया तेपोले हिला, बिनशर्त. ती एकोणीस वर्षांपूर्वी मला सोडून गेली आणि कोर्दोबाच्या बाजारात मक्याच्या पिठाचे उकडलेले तमाले विकते. का गेली, ते आता ऐका.

तारांना टांगलेल्या फळीवर ‘परी’ म्हणून लेओकादिया असे, आणि पडद्यामागे तारांच्या दुसऱ्या टोकाला तिच्या तोलाची वाळूची पिशवी. ती भरली तेव्हा लेओकादिया बावन्न किलोची होती. म्हणून दर शनिवारी मी तिला मका व्यापाऱ्याच्या काट्यावर सगळ्या मंडळींदेखत उभी करत असे. काटा जरा हलला की तिच्या ताटातल्या तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, मी उचलायचो.

“अरे, पिशवीत दोन मुठी वाळू घाल की,” ती म्हणायची. “मी पोटभर जेवून तरंगले तर काय बिघडतं?”

“पिशवी बाबांच्या हातची आहे. शिवण उसवायची नाही. तू तोंड आवर.”

“मग बाबांनाच झोपव फळीवर,” असं म्हणून ती भांडी घासायला जायची. मला तेव्हा तो उद्धटपणा वाटे.

त्लाकोताल्पानच्या जत्रेत, भर दुपारच्या खेळात, मी तिच्याभोवती कडं फिरवत असताना फळी वीतभर खाली आली. लोक हसले. मी कमरेत वाकून म्हणालो, “सद्गृहस्थहो, माफी असावी. परीने आज तमाले जरा जास्त हाणले.” तंबू दणाणला. मी टाळी वाजवेपर्यंत डोळे मिटून ठेवायचे हा तिचा नेम. मिटल्या पापण्यांतून पाणी कानाकडे ओघळलेलं मला दिसलं, तरी मी टाळीला उशीर केला.

पडदा पडल्यावर मागे गेलो, तर बाबांची शिवण उसवलेली आणि खाली वाळूचा ढीग. ती येण्याआधी मी तो झाडून टाकला. कोणी पाहिलं नाही.

“माझं वजन तेवढंच आहे रे,” ती आल्या आल्या म्हणाली. “सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नाही.”

मी म्हणालो, “खोटारडी.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. मी सगळीकडे सांगितलं की परी जाड झाली, म्हणून मीच काढली. बाजारात आजही तिला ‘जाडी परी’ म्हणतात. ते नाव माझं.

सबब जाहीर करतो की लेओकादिया कधीच जड नव्हती. पिशवी हलकी झाली होती, आणि माणूस म्हणून मी तिच्याहून हलका होतो. हे कलम तिच्या दुकानापुढे मोठ्याने वाचावे. आधी तिला विचारावे, नको म्हणाली तर गप्प परत यावे. घर घ्यायचं की नाही, तेही तिनेच ठरवावं.

४. कप्पीवर चोवीस वर्षं राबलेला फिदेन्सियो रोसास याला काही द्यायचं मनात होतं. पण तो साक्षीदार असल्याने देता येत नाही, असं नोटरीसाहेब म्हणतात. त्याने राग मानू नये.

ओरिसाबा, ९ मार्च १९७१.
(सही) आन्सेल्मो किरोगा लारा

साक्षीदार, मजकूर वाचून दाखवल्यावर:

१. एल्विरा सांतोस, शेजारीण, शिवणकाम. (सही)

२. फिदेन्सियो रोसास. (सही) सहीबरोबर एवढं लिहून घ्यावं, की कोणी पाहिलं नाही हे खरं नाही. मालकांना केरसुणी मीच आणून दिली होती.